एक शाळा, एक कुत्रा : नवनियुक्त गुरुजींसाठी घटकसंच

घटकाची उद्दिष्टे

हा घटक पूर्ण केल्यावर प्रशिक्षणार्थी पहिलीच्या वर्गाला पाच मिनिटे एका जागी बसवू शकेल. कुत्र्याला पाच मिनिटे फाटकाबाहेर बसवू शकेल. आणि ही दोन्ही कामे एकाच पाच मिनिटांत होत नाहीत, हे खेद न मानता मान्य करील.

पूर्वतयारी

पवित्र पोर्टलवरून निवड झालेली असावी. भंडारा जिल्ह्याच्या सात तालुक्यांपैकी जो तुम्ही नकाशावरही शोधला नव्हता, तो वाट्याला आलेला असावा. दरमहा १६ हजार रुपयांवर तीन वर्षांची शिक्षणसेवकी असावी आणि शाळा दोन शिक्षकांची असावी. दोघांपैकी एक प्रभारी मुख्याध्यापक असल्याने तो कागद घेऊन पंचायत समितीत गेलेला असतो. म्हणजे पहिली ते चौथी तुमचीच.

कुत्रा पूर्वतयारीत धरलेला नाही. तो आपला आपण रुजू होतो.

पायरी १ : कुत्रा मिळवणे

नवशिक्यांचा पहिला गैरसमज असा, की कुत्रा निवडायचा असतो. साकोली-लाखांदूरकडे धान चुरून झाला, की तणसाच्या ढिगाआड कुठली तरी कुत्री व्यालेली असतेच. त्यातले एक पिल्लू तुमच्या भाड्याच्या खोलीसमोर येऊन बसते. पहिल्या दिवशी तुम्ही त्याला हाकलता, दुसऱ्या दिवशी हाकलल्यासारखे करता आणि तिसऱ्या दिवशी घरमालकीणबाई विचारतात, "सर, तुमच्या कुत्र्याले भात ठेवू का जी?" झाली नेमणूक.

जातिवंत कुत्र्याचा मोह धरू नका. मे महिन्यात इथला पारा ४५ अंशांकडे सरकतो आणि कुत्र्याला माणसासारखा अंगभर घाम येत नाही. धापा टाकूनच तो अंग निववतो. बर्फासाठी केसाळ कातडे घेऊन जन्मलेल्या हस्कीला तुमसरच्या उन्हात आणणे हा गुन्हा नसला तरी पाप आहे. गावठी कुत्र्यालाही सावली आणि पाण्याचे भांडे हवेच. दुपारी फिरवायला नेण्याआधी सडकेवर स्वतःचा तळहात टेकवून पाहा. पाच-सात सेकंद ठेववला नाही, तर कुत्र्याचा पायही तिथे ठेवायचा नाही.

खाण्याची चिंता या जिल्ह्यात कमी. लांडग्याच्या तुलनेत कुत्र्यात पिष्ट पचवणाऱ्या जनुकाच्या प्रती कितीतरी जास्त असतात, असे 'नेचर' नियतकालिकातल्या २०१३च्या एका शोधनिबंधाने दाखवले. माणूस शेती करू लागला आणि कुत्रा त्याच्या उष्ट्यावर पोसला गेला, त्याची ही खूण. तेव्हा धानाच्या जिल्ह्यात वरणभात खुशाल द्या, जोडीला अधूनमधून अंडे द्या. कांदा, द्राक्षे आणि चॉकलेट मात्र अजिबात नाही. सावजी रश्शातले हाडूकही नाही: शिजलेले हाड फुटून घशात रुतते, आणि तो रस्सा तर भल्याभल्या माणसांनाही रुततो.

तीन महिन्यांचा झाला, की पशुवैद्यकीय दवाखान्यात नेऊन रेबीजची लस टोचून घ्या आणि पुढे डॉक्टर सांगतील त्या तारखांना चुकू नका. लसीचे कार्ड जपून ठेवा. सेवापुस्तकात चूक निघाली तर दुरुस्ती होते, या कार्डाची होत नाही.

पायरी २ : नाव ठेवणे

ही पायरी सोपी वाटते, म्हणूनच इथे बहुतेक जण घसरतात.

नियम एक : कुत्र्याचे नाव टायगर, वाघ्या किंवा शेरू ठेवू नका. जिल्ह्याच्या एका अंगाला नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्प, मध्ये कोका अभयारण्य, पवनीकडे उमरेड-करांडला. तिन्हीसांजेला सडकेवरून "टायगर! टायगर!" ओरडत धावणाऱ्या गुरुजीबरोबर सगळे गाव धावते, पण घराच्या दिशेने. दुसऱ्या दिवशी वनरक्षक पाऊलखुणा मोजायला येतो.

नियम दोन : आधी हजेरीपट पाहा. राजा, सोनू, बंटी यांपैकी एक तरी पटावर असतोच. "सोनू, बाहेर हो!" म्हटल्यावर कुत्रा जागचा हलत नाही आणि दुसरीतला सोनू दप्तर उचलून रडत घरी जातो. संध्याकाळी त्याची आजी येते. तिला समजावणे कोणत्याही प्रशिक्षणात शिकवलेले नाही.

नियम तीन : 'मोती' हे नाव सर्वांत सुरक्षित. शाळा व्यवस्थापन समितीच्या अध्यक्षांच्या वडिलांचे नाव मोतीराम नाही ना, तेवढे विचारून घ्या.

पायरी ३ : आज्ञा देणे

आज्ञा छोटी असावी, रोज तीच असावी आणि ती पाळली गेल्याबरोबर शाबासकी मिळावी. हे कुत्र्यासाठी आहे की पहिलीसाठी, असे विचारू नका, दोघांसाठी आहे. "सर्वांनी आपापली पुस्तके काढून पान उघडून बोट ठेवून शांत बसावे" या वाक्यात चार कामे आहेत. सहा वर्षांचे पोर त्यातले शेवटचे ऐकलेले काम करते, कुत्रा एकही करत नाही. दोघांचेही बरोबर आहे.

शाबासकी देताना तोंड आणि सूर यांची जोडी जुळली पाहिजे. बुडापेस्टच्या संशोधकांनी १३ कुत्र्यांना मेंदूची छायाचित्रे घेणाऱ्या यंत्रात न हलता पडून राहायला शिकवले आणि त्यांना कौतुकाचे व साधे शब्द, कौतुकाच्या व सपाट सुरात ऐकवले. कौतुकाचा शब्द कौतुकाच्याच सुरात आला, तेव्हा मेंदूतला आनंदाचा भाग सर्वांत जास्त जागा झाला. हे संशोधन २०१६ मध्ये प्रसिद्ध झाले. मोबाइलवर ऑनलाइन माहिती भरता भरता, मान वर न करता म्हटलेले "हं, शाब्बास" कुत्र्यालाही पुरत नाही. (यंत्रात निपचित पडून राहणाऱ्या त्या कुत्र्यांना पहिलीच्या वर्गावर मॉनिटर म्हणून पाठवता येईल का, याची चौकशी करू नये.)

शिक्षा हा विषय थोडक्यात. शिक्षणहक्क कायद्याच्या कलम १७ने मुलांना मारणे आणि मानसिक त्रास देणे दोन्ही बंद केले आहे. कुत्र्यासाठी तेच कलम मनाने लावून घ्या. सकाळी चावलेल्या चपलेबद्दल संध्याकाळी ओरडलात, तर कुत्रा चप्पल आणि ओरडणे यांचा संबंध जोडत नाही. गुरुजी घरी आले की भ्यायचे असते, एवढेच शिकतो. शनिवारच्या गृहपाठाबद्दल सोमवारी रागावलात, तर मूल गृहपाठ शिकत नाही, सोमवार टाळायला शिकते.

बोट दाखवण्याचे तंत्रही समजून घ्या. माणसाने बोट केले तिकडे पाहणे कुत्र्याला फार चांगले जमते, लहान मुलालाही जमते. म्हणून बोट अक्षराकडे करा, पोराकडे करू नका. अक्षराकडे केलेत तर सगळा वर्ग अक्षर पाहतो. पोराकडे केलेत तर सगळा वर्ग ते पोर पाहतो.

पायरी ४ : घंटा आणि खिचडी

पचनावरच्या कामासाठी १९०४चे नोबेल मिळवणाऱ्या पावलोव्ह यांनी कुत्र्यांवर प्रयोग करून दाखवले, की खाण्याआधी रोज ठरावीक आवाज केला, तर पुढे नुसत्या आवाजानेच तोंडाला पाणी सुटते. आपल्याकडे हा प्रयोग जेवणाच्या घंटेने रोज होतो आणि त्यासाठी अनुदानही मिळते. फरक एवढाच, की इथे घंटेच्या आधी फोडणीचा वास येतो, म्हणून तिसरा तास कोणताही विषय ठेवला तरी तो पाककलेचाच होतो.

पोषण आहारात पहिली ते पाचवीच्या मुलामागे रोज १०० ग्रॅम तांदूळ मोजलेला आहे. पटावर वीस मुले तर दोन किलो. कुत्रा पटावर नाही. पोळी पळवणाऱ्या कुत्र्यामागे तुपाची वाटी घेऊन धावणाऱ्या नामदेवांची गोष्ट वर्गात जरूर सांगा, पण नामदेवांना साठा नोंदवही ठेवायची नव्हती, हेही ध्यानात असू द्या.

यातला गंमत नसलेला भाग : स्वयंपाकाची खोली आणि ताटे यांच्या जवळ कुत्रा फिरकता कामा नये, मग तो तुमचा असो की गावाचा. शेजारच्या छत्तीसगडमध्ये २०२५ साली एका सरकारी शाळेत कुत्र्याने तोंड लावलेले अन्न मुलांना वाढले गेले. पुढे त्या मुलांना रेबीजच्या लशी द्याव्या लागल्या आणि प्रकरण उच्च न्यायालयापर्यंत गेले. जाळीचे दार आणि झाकण या दोन वस्तूंसाठी शाळा अनुदान खर्च करायला लाजू नका. उरलेसुरले कुत्र्याला द्यायचेच असेल, तर मुलांची ताटे धुऊन झाल्यावर, फाटकाबाहेर, रोज एकाच ठिकाणी.

पायरी ५ : वाचून दाखवणे

अमेरिकेतल्या युटा राज्यात १९९९ साली एक उपक्रम सुरू झाला : शिकवलेल्या शांत कुत्र्यांना मुलांनी पुस्तक वाचून दाखवायचे. माणसापुढे अडखळणारे मूल कुत्र्यापुढे मोठ्याने वाचते, कारण कुत्रा हसत नाही, घड्याळ पाहत नाही आणि मधेच "पुन्हा वाच" म्हणत नाही.

आपल्या जिल्ह्याला हा उपक्रम जास्तच लागू पडतो. इथले मूल घरी झाडीबोली बोलते. पहिल्याच आठवड्यात त्याने "पानी" वाचले की आपण "पाणी" म्हणतो, त्याने "मले" म्हटले की आपण "मला" म्हणतो. आठ दिवसांत त्याला एवढेच कळते, की शाळेत तोंड उघडले की चूक निघते. मग ते तोंड मिटते आणि आपण शेऱ्यात 'अबोल' लिहितो. मोतीला "पानी" चालते.

कृती : सुटीनंतर, शाळेच्या आवारात नव्हे तर तुमच्या ओसरीवर, बांधलेल्या आणि लस टोचलेल्या कुत्र्यापासून हातभर अंतरावर, एका वेळी एक मूल. घरच्यांना आधी विचारलेले असावे. मुलाने वाचावे, कुत्र्याने झोपावे, तुम्ही तोंडातून अक्षर काढू नये. तिसरा भाग सर्वांत अवघड आहे. अक्षर शिकवण्याचे काम तुमचेच. कुत्रा भीती कमी करतो, बाराखडी शिकवत नाही. पण चूक ऐकून न ऐकल्यासारखे पाच मिनिटे बसता आले, तर तुमचेही प्रशिक्षण बरेच पुढे गेले समजा.

पायरी ६ : दात

इथे गंभीर व्हा आणि मुलांकडून प्रत्यक्ष करून घ्या.

जेवणारा, झोपलेला आणि पिल्लांजवळचा कुत्रा यांच्या वाटेला जायचे नाही. अनोळखी कुत्रा अंगावर आला तर पळायचे नाही. झाडासारखे उभे राहायचे, हात अंगाला लावून, नजर जमिनीकडे. झाडीपट्टीच्या मुलांना झाड होणे शिकवायला वेळ लागत नाही. खाली पडलात तर गुडघे पोटाशी, हात मानेवर, गप्प.

दात लागला किंवा नुसते ओरखडले, तरी जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवायची. पंधरा मिनिटे म्हणजे परिपाठ संपेपर्यंत. हळद, चुना, तिखट काही लावायचे नाही. मग सरळ प्राथमिक आरोग्य केंद्र, आणि लशीचे सगळे डोस ठरलेल्या तारखांना. रेबीजची लक्षणे दिसल्यावर माणूस जवळपास कधीच वाचत नाही. लक्षणे दिसण्याआधीची लस मात्र जवळपास नेहमीच वाचवते. संशयित जनावर चावलेल्यांत ४० टक्के पंधरा वर्षांखालची मुले असतात, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. मार बसेल म्हणून मूल चावा घरी लपवते. ते निदान तुम्हाला येऊन सांगेल, इतके तुमचे त्याच्याशी बरे असू द्या. या पायरीतले सर्वांत मोठे औषध तेच.

पायरी ७ : कागद

सर्वोच्च न्यायालयाने ७ नोव्हेंबर २०२५ रोजी शाळा, रुग्णालये, बसस्थानके, रेल्वेस्थानके अशा ठिकाणांहून भटके कुत्रे हटवून, नसबंदी आणि लसीकरण करून निवारागृहात ठेवण्याचे आदेश दिले. आवाराला कुंपण हवे आणि देखरेखीसाठी प्रत्येक संस्थेत एक जबाबदार अधिकारी हवा, हेही त्यात आले. दोन शिक्षकांच्या शाळेत असा अधिकारी कोण असेल, हे ओळखायला स्पर्धापरीक्षेची तयारी लागत नाही. शिक्षणहक्क कायद्याच्या कलम २७ मध्ये शिक्षकाला देता येणारी बिगरशैक्षणिक कामे तीनच आहेत : जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणूक. कुत्रा यांत कुठे बसतो, यावर विचार करत बसू नका. तोवर तक्ता भरण्याची मुदत संपते.

तुमच्यापुरते काम सोपे आहे. मोतीच्या गळ्यात पट्टा, तुमच्या खिशात लसीचे कार्ड आणि फाटक बंद. आवार साफ ठेवण्यासाठी नेमलेल्या अधिकाऱ्याचाच कुत्रा आवारात सापडला, तर खुलासा लिहिणाराही तुम्हीच आणि पुढे पाठवणाराही तुम्हीच.

वर्षाचे नियोजन

*जूनअखेर.* राज्यात इतरत्र शाळा जूनच्या मध्याला भरते, विदर्भात उन्हामुळे नंतर. प्रवेशोत्सवाला फुगे आणू नका. एक फुटला की पहिली रडते आणि कुत्रा खाटेखाली जातो.

*जुलै-ऑगस्ट.* रोवणीचे दिवस. आया बांधीत परे लावतात, थोरली टुरी धाकट्याला सांभाळायला घरी राहते आणि हजेरी निम्म्यावर येते. कुत्राही धुऱ्यावर बेडूक हुंगत फिरतो. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी कोसबाडला गुरे राखणाऱ्या मुलांसाठी शाळाच कुरणावर नेली होती. तिला कुरणशाळा म्हणत. तेव्हा चिखल लागला म्हणून कुरकुरू नका, धुऱ्यापर्यंत जा. परतल्यावर कुत्र्याच्या कानामागचे गोचीड काढा.

*तान्हा पोळा.* मुले लाकडी नंदी सजवून आणतात. ज्याच्याकडे नंदी नाही, ते पोर तुमच्या कुत्र्याला बेगड लावून रांगेत उभे करते. बक्षीस द्या, वाद घालू नका.

*दिवाळीनंतर.* मंडईचे, म्हणजे गावोगावच्या जत्रांचे दिवस. रात्रभर दंडारीचा खेळ पाहिलेला वर्ग सकाळी बाकावर डोके टेकतो. कुत्रा फटाक्यांनी आधीच जागा असतो. दोघांनाही झोपू द्या.

*मार्च-एप्रिल.* सकाळची शाळा. जंगलकाठच्या गावांत पहाटे मोहफुले वेचायला घरदार जाते. उशिरा आलेल्या मुलाला कारण विचारण्याआधी त्याच्या हाताचा वास घ्या.

वारंवार येणाऱ्या अडचणी

*कुत्रा रोज वर्गाच्या दारापर्यंत येतो. मुले ओरडतात, "गुर्जी, तुमचा कुत्रा आला जी!" मी म्हणतो, मी आणला नाही. मुले म्हणतात, "माहीत हाये जी. आता हाजरी घ्या त्याची."*
हजेरी घ्या, मग फाटकाबाहेर सोडून या. नियमित उपस्थितीचे असे उदाहरण वर्गासमोर फार वेळा येत नाही.

*मी मुख्यालयी राहतो याचा पुरावा मागतात.*
ग्रामसभेचा ठराव जोडा. कुत्र्याची साक्ष ग्राह्य धरत नाहीत, पण गावातला कुत्रा कोणत्या गुरुजींवर भुंकत नाही, ते पाहून खरी माहिती मिळते.

*तो रात्रभर भुंकतो.*
जंगलकाठच्या गावात त्याला रात्री घरात घ्या. बिबट्याला गावातले जनावर म्हणून कुत्रा सर्वांत सोपा पडतो. भुंकणे हा त्याचा अहवाल आहे. तुमच्या अहवालांसारखा तोही कोणी वाचत नाही.

*बदली झाली तर?*
ऑनलाइन बदलीत विशेष संवर्ग आहेत, अवघड क्षेत्र आहे, पती-पत्नी एकत्रीकरण आहे. कुत्रा कशातच बसत नाही. पहिलीतले पोर चौथी पास होऊन जाते, कुत्रा त्यानंतरही सात-आठ वर्षे जगतो. हे पिल्लू दाराशी आल्याच्या तिसऱ्या दिवशी, भाताचा प्रश्न विचारला जाण्यापूर्वी ध्यानात घ्यायचे होते.

इशारा

इथवर वाचून प्रशिक्षणार्थीला वाटू लागते, की दोन्ही कामे एकच आहेत. छोटी आज्ञा, रोज तीच आज्ञा, लगेच शाबासकी, न ओरडणे, ऐकून घेणे. सहा महिन्यांत मोती बसतो, थांबतो, येतो. वर्गही बसतो, थांबतो, येतो. भेटीला आलेले केंद्रप्रमुख 'शिस्त उत्तम' असा शेरा लिहितात.

इथेच सावध व्हा. दहा वर्षांनीही मोतीने तुमचे सगळे ऐकले, तर तो चांगला कुत्रा. वर्गाने दहा वर्षांनीही सगळे ऐकले, तर तो वाया गेलेला वर्ग. तोच वर्ग पुढे खर्रा तोंडात धरून, ठराव न वाचता ग्रामसभेत अंगठा उमटवील. मुलाला बसायला शिकवायचे, ते पुढे कधी तरी उभे राहून तुम्हालाच "काऊन जी?" विचारता यावे म्हणून. कुत्र्याच्या बाबतीत ही पायरी नाही आणि तुमच्या हातातल्या तक्त्यातही तिला रकाना नाही. तरी ती घ्यायची.

स्वाध्याय

१. हजेरीपटावरील नावे आणि गावातल्या कुत्र्यांची नावे यांची तुलनात्मक यादी करा. ती कोणाला दाखवू नका.

२. एका मुलाचे वाचन पाच मिनिटे न अडवता ऐका. या काळात तुमच्या जिभेवर आलेल्या दुरुस्त्या मनात मोजा.

३. चावा लागल्यावर जखम किती वेळ धुवायची, हे वर्गातल्या सर्वांत लहान मुलाला विचारा. त्याला सांगता आले नाही, तर पायरी ६ परत घ्या.

४. वर्गात एक असा नियम लागू करा, ज्याचे कारण तुम्हालाही सांगता येणार नाही. उदाहरणार्थ, मंगळवारी सर्वांनी पाटी डाव्या हातात धरायची. आठ दिवस थांबा. कोणी कारण विचारले, तर त्याच्यासाठी टाळ्या वाजवा आणि नियम रद्द करा. कोणीच विचारले नाही, तर हा घटकसंच पहिल्यापासून पुन्हा करा, या वेळी कुत्र्याविना.